जेवढं लहान, तेवढं मऊ

वडगावातल्या आमच्या मागाचा रूळ
आता कॉलेजात असतो,
भूशास्त्राच्या टेबलावर, काचेच्या पेटीला जोडलेला.
त्यावर लुगडं गुंडाळत नाही,
पेटीच्या तळातून ओढलेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतो.
रुळाबरोबर मीही आलो. शिपाई म्हणून.

हुंदरे मॅडम म्हणाल्या होत्या,
नागोजी, मला घाई नसलेला हात पाहिजे.
माझ्याकडं तेवढाच उरला होता.

वाळू मार्कंडेयची.
धुतली, चाळली, पत्र्यावर कोरडी केली.
वर पांढरी रांगोळी, चिमटीनं नव्हे,
चहाच्या गाळणीनं.
मग खानापूरच्या फुटक्या कौलांचा चुरा,
परत वाळू, परत रांगोळी.
सगळं मिळून चार सेंटीमीटर.
मॅडम फळ्यावर लिहितात: चार किलोमीटर.
कुणी हसत नाही.

पहिल्या दिवशी मीच विचारलं होतं,
डोंगर करायचा तर दगडाचा करूया की,
गोकाकहून फरशी आणतो.
त्या म्हणाल्या, फरशी एवढ्याशा पेटीत
आपला हट्ट सोडायची नाही.
लाखपट लहान करायचं
तर लाखपट दुबळंही करावं लागतं.

मला काडेपेटीचा माग आठवला.
बापानं करून दिलेला, मी सहा वर्षांचा असताना.
धोटा खजुराच्या बीएवढा,
सूत मात्र खऱ्या मागावरचं.
कापड झालंच नाही कधी.
त्या इवल्या फणीत सूत दोरखंडागत ताठ उभं राहायचं
आणि मी रडायचो, आणि बाप म्हणायचा,
तुझ्या हातात कळा नाही.
हातात नव्हतं ते, आता कळतंय.
सूत मोठं होतं.

तर मी मूठ फिरवतो.
अर्ध्या मिनिटाला दातऱ्याचा एक दात. कट्.
एका दाताला किती हजार वर्षं
ते मॅडमच्या वहीत आहे.
पोरं कंटाळून कॅन्टीनला जातात.
रुक्साना थांबते, दर दहा दातांना फोटो काढते,
बसगौडा काचेला नाक लावून म्हणतो, निधान, निधान.
काय करुलाईस बे, काच धुरकटली, ती ओरडते.

बराच वेळ काहीच नाही.
मग उभ्या फळीजवळ वाळू जराशी फुगते,
झोपेत कुणी गुडघा वर घ्यावा तशी,
आणि रांगोळीची रेघ तुटून स्वतःवरच चढते.
कट्. कट्.
तिच्या पुढ्यात दुसरी चीर पडते, मग तिसरी,
जुना डोंगर नव्याच्या पाठीवर बसून वर जातो.
उंची वाढते, पायथा पसरतो,
उतार मात्र तेवढाच.
मॅडम कोनमापक लावून बघतात, परत लावतात.

वाळूच्या पाठीवर पोरांनी
काडीनं आडव्या रेघा ओढल्या होत्या, खुणेसाठी.
दोन वाकल्या.
एक थराखाली गेली.
कोणती, ते वहीत लिहिलं. कुणाची, ते विचारलं नाही.

खिडकीतून येळ्ळूरचा गड दिसतो.
तो असला नव्हे, मॅडम म्हणतात,
तो लाव्हाचा, थरावर थर, कुणी न ढकलता झालेला.
ढकललेले बघायचे तर रामदुर्गाकडं चला,
तिथं थर उभे राहिलेत.
मी तिकडं सोयरीक बघायला गेलो होतो एकदा.
दगडाकडं बघायचं सुचलं नाही.

संध्याकाळी झारीनं पाणी शिंपडून वाळू भिजवतो,
पत्र्याच्या सुरीनं उभी कापतो.
आत लाल, पांढरं, लाल,
एकच पट्टा तीनदा.
मॅडम बोलत नाहीत.
डब्यातली पोळी तशीच गार झालेली.

सगळे गेल्यावर
मी रूळ उलटा फिरवून कागद सोडवतो.
बावीस सेंटीमीटर.
कागद तळातून सरकत सरळ होतो,
वरचा डोंगर मागं येत नाही,
नुसता कडेनं थोडा ढासळतो.
मग मी तो डबड्यानं बादलीत भरतो.
रांगोळी आता वाळूतून वेगळी निघत नाही,
दर खेपेला वाळू जरा फिकट होते.
उद्या नवी आणायची. चाळायची.
नखांत कौल.